खाणीतली सवत

अहो, पाणी तापलं.

होळी झाली की खाणीत हात घालून बघायचं आणि घरी येऊन मला सांगायचं, हे दरवर्षी तुमचं काम. यंदा मी केलं. दगडावर गुडघे टेकून कोपरापर्यंत हात घातला. वरचं पाणी कोमट झालं होतं, खाली बोटांना अजून गार लागत होतं. दस्तगीर भावजी मागं उभे होते. म्हणाले, "झालं वहिनी, आता उठंल मासा. थंडीभर तोंड मिटून बसलाय, भूक लागली आसंल." मी ओला हात पदराला पुसला आणि तुमच्या दगडावर बसले. तुमचा म्हणजे तोच, मधे खोलगट असलेला. बसल्यावर कळलं की तो दगड मुळातच तसा आहे. मी मात्र इतकी वर्षं गावभर सांगत फिरले की तुम्ही बसून बसून त्याला खड्डा पाडलात.

आपली पिठाची गिरणी आता सांजच्याला बंद असते. दारावर पाटी लावलीय, 'दळण सकाळी'. रानातून येता येता दळण टाकायचं आणि दिवे लागायच्या आत घेऊन जायचं, ही बायकांची सवय मोडली. त्या आपसात कुरकुर करतात, पण तोंडावर कुणी बोलत नाही. ताज्या विधवेला बरंच काही माफ असतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही थंडीत गेलात, अजून वर्ष फिरलेलं नाही, तोवर ही सवलत वापरून घेते.

जिताडा हा शब्द आपल्या कवठे महांकाळच्या माळावर कुणी ऐकला नव्हता. आपल्याकडं मासा म्हणजे कटला, रोहू, नाही तर चिलापी. तुम्ही द्राक्षांचे कंटेनर घेऊन बंदराला जायचात आणि तिथं गाडी रांगेत लागली की नंबर कधी येईल याचा भरवसा नसायचा. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे. तुम्ही खाडीच्या बांधावर जाऊन बसलात आणि तिथंच बिघडलात. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. दिवसभर त्याला काही लागलं नाही. संध्याकाळी पाणी फिरलं आणि फिरल्या पाण्यात एक मोठा मासा, जिताडा, त्याच्या गळाला लागला. तो मासा शेपटीवर उभा राहिल्यासारखा पाण्याबाहेर आला, डोकं झिंजाडलं आणि तंगूस तोडून गेला. नायलॉनचा एवढा चिवट दोरा, पण कल्ल्याच्या धारेनं कापला गेला. म्हातारा हसला, बिडी पेटवली आणि दुसरा गळ बांधायला लागला. घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "मासा बगून न्हाई गं, त्यो म्हातारा हसला ते बगून मी खुळा झालो."

पुढच्या फेरीला तुम्ही स्वतः काठी घेऊन बसलात. आपण घाटावरची माणसं. नदीचं पाणी एकदा गेलं की गेलं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही पाण्याच्या कडेला चपला काढल्यात, शेजारी जेवणाचा डबा ठेवलात आणि नजर तंगुसावर लावलीत. खाडी आपली हळूहळू चढत आली. मागं वळून बघता तर चपला आणि डबा दोन्ही तरंगत वरच्या अंगाला निघालेले. बंदरापासून घरापर्यंत अनवाणी गाडी चालवत आलात.

"डबा कुटाय?" मी विचारलं.

"पानी माघारी आलं आन घिऊन गेलं."

"पानी माघारी येतंय व्हय? काय पिऊन आलाय काय?"

तुम्ही देवाची शपथ घेतलीत. मला नाही म्हटलं तरी संशय राहिला. पण त्या आठवड्यात गिरणीच्या घरघरीत ते उलटं पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पीठ खाली पडत होतं आणि मी दुसरीकडंच होते. गेलेलं पाणी दिवसातून दोनदा परत येतं असा एक मुलूख आहे आणि माझा नवरा तिथं जाऊन बसतो, हे मला फार आवडलं होतं. तुम्हाला तसं बोलले नाही. डब्याचं मात्र पुढं कितीतरी दिवस बोलत राहिले.

आणि मग ते मिठाचं. त्यावरून गावानं तुम्हाला शेवटपर्यंत सोडलं नाही. एका फेरीहून तुम्ही हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्यात, आत जिताड्याची बोटभर पिल्लं. आपल्या रानाच्या कडेला मुरमाची खाण होती. रस्त्यासाठी खणली, रस्ता झाला आणि खड्डा आपल्याला राहिला. कालव्याचं पाझरपाणी येऊन तो असा भरला की तळ कुणी बघितला नाही. तुमचा धाकटा भाऊ संपत त्यात मासे वाढवायचा. त्या खाणीत चिलापी उदंड माजली होती, ती ही पिल्लं खातील, असा तुमचा हिशेब. खाडीवरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की जिताडा गोड्या पाण्यात मजेत जगतो, आमच्याकडं घरामागच्या तळ्यात पाळतात. पण तुमचा जीव राहिना. "खाऱ्या पान्यातलं लेकरू, आळणी पान्यात कसं रमंल?" असं म्हणत तुम्ही जनावरांसाठी आणलेलं खडेमिठाचं अख्खं पोतं खाणीत ओतलंत.

संपत पोट धरून हसला. "दादा, समुद्र व्हायला आनी किती पोती लागत्याल?" त्या दिवसापासून तुम्ही 'समुद्रवाले ड्रायव्हर' झालात. मला मात्र त्या वेळी हसू आलं नाही. लेक सासरी निघाली की आई तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबते, तसे तुम्ही ते पोतं झटकून झटकून रिकामं करत होतात. मला वाटलं, हा माणूस आपल्याला मिळाला ते बरं झालं. हेही बोलायचं राहिलं.

पिल्लांतली बरीच मेली. उरली त्यांनी एकमेकांना खाल्लं आणि शेवटी एकच राहिला, असं तुम्ही सांगायचात. चिलापी त्यानं खाल्लीच, पण संपतनं पावसाळ्यात सोडलेली कटला-रोहूची पिल्लंही खाल्ली. पुढच्या वर्षी पुन्हा सोडली, पुन्हा खाल्ली. संपतचं डोकं फिरलं. जाळं लावावं तर खाणीच्या मधोमध बुडालेली बाभळ. जिताडा तिच्या फांद्यांत राहायचा आणि जाळं काट्यांत अडकून फाटायचं. वैशाखात पाणी उतरलं की बाभळ उघडी पडते. तेव्हा ती तोडायची आणि जाळं ओढून त्याला काढायचा, हा संपतचा दर उन्हाळ्यातला बेत. आणि दर उन्हाळ्यात तुम्ही आडवे. "जाळं न्हाई. मी गळानं काडतो त्येला. काडला की मग सोड तुझी पिल्लं." थोरल्या भावापुढं बोलायचं नाही म्हणून संपत गप्प बसायचा आणि पावसाळा आला की खाण पुन्हा काठोकाठ भरायची.

तुम्ही गाडी चालवणं सोडलं आणि रोज सांजच्याला खाणीवर जायला लागलात. गिरणीची जळालेली मोटार भरून देणारे दस्तगीर भावजी तुमच्याबरोबर कधी बसायला लागले, ते मला आठवत नाही. त्यांच्या दुकानाला त्या वेळी कुलूप असायचं, म्हणून त्यांच्या घरच्याही माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन यायच्या. आम्ही दोघी मिळून तुम्हाला शिव्या द्यायचो.

जेवताना तुम्ही मला त्याच्या गोष्टी सांगायचात. तो चिलापी कशी घेतो, हे सांगताना हातातली भाकरी तशीच राहायची. दात रोवून चावत नाही तो. जबडा उघडतो आणि पाण्यासकट ओढून घेतो, आणि उपडा तांब्या हौदात दाबावा तसा 'बुडुक्' आवाज येतो. घाईनं काठी उचलली तर गळ तोंडातून निसटतो. उशीर केला तर तो बाभळीत शिरतो आणि तंगूस काट्याला गुंडाळून तोडतो. मधला जो काय क्षण आहे तो डोळ्याला दिसत नाही, तो बोटालाच कळला तर कळतो. "मग कळतो का तुमच्या बोटाला?" मी विचारायची. तुम्ही आमटीत भाकरी कुस्करायला लागायचात.

बंदराकडच्या कुणीतरी तुम्हाला फोनवर सांगितलं की जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की त्याची मादी होते. तुम्ही धावत गिरणीत आलात. चक्की चालू, बायका बसलेल्या, आणि तुम्ही मोठ्यानं ओरडताय, "अगं, त्यो आता ती झाला आसंल!" बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या दिवसापासून गिरणीत तिचं नाव पडलं, खाणीतली सवत. "काय वो, सवतीकडं गेलं का मालक?" असं विचारूनच दळणाचा डबा खाली ठेवायच्या. मीही म्हणायची, "गेलं की. मी हितं पिठात, त्यी तितं पान्यात." माझ्या बोलण्यात थट्टा किती आणि खरं किती, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. खरं थोडं होतं.

आपलं शेवटचं भांडण तिच्यावरूनच झालं. थंडी पडली होती. थंडीत ती तोंड उघडत नाही, हे तुम्हीच सांगायचात, तरी तुम्ही निघाला होतात, मफलर गुंडाळून. मी गिरणीच्या दारात उभी राहिले. म्हणाले, "थंडीत मासा खात न्हाई म्हंता, मग कशापायी जाताय?"

"बसायला."

"खरं सांगू का? तुमाला त्यी धरायचीच न्हाई. धरली की जायला कारन न्हाई उरत, म्हून."

तुम्ही हसलात. चोरी पकडलेल्या माणसासारखे हसलात, असं आता वाटतं. मग म्हणालात, "ये की एक दिवस. बस जरा माझ्यासंगट. तुला एक सांगायचंय त्या खाणीतलं."

"आन दळण कोन करनार? तुमची समुद्रातली पावनी?"

तेवढ्यात ज्वारीचे डबे घेऊन कुणीतरी आलं आणि तुम्ही सायकलला टांग मारलीत. सांगायचं ते राहून गेलं. त्यानंतर तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा डॉक्टर, पाहुणे आणि आपली लेक, सगळ्यांचीच गर्दी. खाणीतलं काय ते विचारायला एकटं कुणी सोडलंच नाही आपल्याला.

रक्षाविसर्जनाचं सांगते, तुम्हाला हसू येईल. नैवेद्य मांडला. मटण, भाकरी, चहा, बिडीचं बंडल, द्राक्षांचा घड. सगळे लांब जाऊन उभे राहिले आणि कावळा शिवेना. समोर लिंबाच्या झाडावर बसलेला, मान वाकडी करून बघतोय, पण खाली उतरत नाही. मग सुरू झालं. संपत पुढं आला, "दादा, वहिनीला काय कमी पडू देत न्हाई." कावळा जागचा हलला नाही. आपली लेक रडत म्हणाली, "पप्पा, मी दर महिन्याला येईन." तरी नाही. कुणी म्हणालं बिडी पेटवून ठेवा, कुणी म्हणालं चहात साखर कमी पडली. ऊन चढलं. दस्तगीर भावजी मागं डोक्याला रुमाल बांधून उभे होते, त्यांचे डोळे लाल झाले होते.

माझा कावळ्यावर फारसा विश्वास नाही. पण म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं बघवेना आणि तुमचा रागही आला. मेल्यावरसुद्धा आडमुठेपणा. मी दोन पावलं पुढं गेले आणि म्हणाले, "जाळं न्हाई घालनार. मी धरते तिला गळानं. झालं समाधान?"

कावळा उतरला आणि थेट मटणाला शिवला.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. निम्म्या पाहुण्यांना तर वाटलं, मी कुठल्या बाईबद्दल बोलतेय. घरी आल्यावर संपत माझ्याजवळ बसला. "वहिनी, शबुद दिलायसा, आता मी जाळ्याला हात लावत न्हाई. पण पावसाच्या आत काडा तिला. न्हाईतर आनी एक वरीस गेलं माझं." मी हो म्हणाले. आयुष्यात कधी गळ हातात धरला नव्हता आणि मेलेल्या माणसाला शब्द देऊन बसले होते. तो फिरवायचा कसा?

तेव्हा होळीनंतर रोज मी इथं खाणीवर येते. दस्तगीर भावजींनी तुमची काठी आणून दिली. पहिल्या दिवशी मी गळ फेकला तो मागं त्यांच्याच सदऱ्यात अडकला. नंतर बाभळीत. बाभळीत इतक्या वेळा अडकला की भावजी म्हणाले, "वहिनी, ह्यी बाभळ तरी धरलीसा तुमी." जिवंत चिलापीच्या पाठीत गळ टोचणं मला जमेना. मी डोळे मिटून घ्यायची, मग ते काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. तंगूस बोटावर ठेवायचं मात्र मला लगेच जमलं. जन्मभर मी पीठ अंगठा आणि बोटात चोळून बघितलंय, रवाळ आहे की बारीक, ते न बघता सांगितलंय. चिलापी पाण्यात पोहते ते तंगुसातून बोटाला येतं. ती भ्याली की वेगळं येतं. भावजींना सांगितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "ड्रायव्हरला ह्ये कळायला लय दिस लागलं हुतं." ते ऐकून मी मनातल्या मनात तुम्हाला वेडावून दाखवलं.

आणि मग, अहो, मला इथली चटक लागली.

दिवस उतरायला लागला की खाणीची पश्चिमेची भिंत आधी तांबडी होते, मग जांभळी. पाण्याचा हिरवा रंग काळसर होत जातो आणि बाभळीच्या पाण्याबाहेर आलेल्या फांद्या वाऱ्याशिवाय हलतात. एक खंड्या रोज त्याच फांदीवर येतो. बोट तंगुसावर असतं आणि तंगूस खाली, जिथं कुणी बघितलेलं नाही तिथं गेलेलं असतं. कधी वाटतं पाणी खालून वर यायला लागलंय, तुमच्या खाडीसारखं, आता माझ्या चपला घेऊन जाईल. मी पाय हलवत नाही. नेलं तर नेऊ दे. गिरणीत उभी राहून राहून पायांच्या शिरा फुगलेली मी बाई, मला कुणी काही न करता बसायला दिलं नव्हतं. बसायचं कारण म्हणून कुणीतरी खाणीत एक मासा सोडून ठेवावा, एवढी श्रीमंती माझी. तुम्ही 'बसायला' म्हणालात तेव्हा मला ते आळशाचं उत्तर वाटलं होतं.

इथं बसून मी तुमच्याशी रोज बोलते. निम्मं भांडते. तुम्ही ऐकताय असं समजून भांडणं फार सोपं आहे, उत्तर येत नाही.

परवा ती लागली.

वारा पडला होता. अंगावर घाम. तंगुसावर चिलापी थरथरायला लागली, मग एकदम गप्प झाली. असं गप्प होणं मी आधी अनुभवलं नव्हतं. मी श्वास धरला. आणि बाभळीच्या अलीकडं तो आवाज आला, 'बुडुक्'. भावजी पुटपुटले, "थांबा... थांबा..." मी त्यांचं ऐकलं नाही, बोटाचं ऐकलं. बोटाला जड लागलं, तेव्हा काठी उचलली.

मग काय झालं ते नीट सांगता यायचं नाही. काठीवरचं तंगुसाचं रीळ किंचाळायला लागलं. काठी माझ्या हातातून निघून चाललीय असं वाटलं आणि मी दगडावरून घसरून कमरेएवढ्या पाण्यात गेले. "बाभळीकडं जाऊ देऊ नका! डावीकडं वडा, डावीकडं!" भावजी ओरडत होते. मी डावीकडं ओढलं. आणि ती वर आली. अहो, ती वर आली! सगळी. पाण्यापासून सुटून, तांबड्या उजेडात, एवढं मोठं तोंड उघडून, कल्ले फाकवून, डोकं इकडून तिकडं झाडत. खवल्यांवर उन्हाचं शेवटचं तेज होतं आणि डोळा पिवळाजर्द. क्षणभर तिनं आणि मी एकमेकींकडं बघितलं. पाणी उडून माझ्या तोंडावर आलं. मी मोठ्यानं हसत होते, हे भावजींनी नंतर सांगितलं. मला वाटलं होतं मी रडतेय.

दोनदा अजून उडाली. मग तिची ओढ कमी होत गेली आणि मीच घाबरले की मरते की काय. भावजी ओलं पोतं घेऊन पाण्यात उतरले. उथळ पाण्यात, गुळगुळीत मुरमावर, ती आडवी झाली. माझ्या हाताहून लांब. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत काहीतरी धडधडत होतं, ते तिचं की माझं ते कळेना.

गळ काढायला भावजी वाकले आणि तो अगदी सहज निघाला. गळाचा मागचा काटा, माशाच्या तोंडात रुतून बसतो तो, पकडीनं दाबून सपाट केलेला होता. तुमचे सगळेच गळ तसे होते, मला वाटलं होतं ते असेच मिळतात. मग मी तिचा ओठ बघितला. कडेला भोकं होती. जुनी, भरून आलेली, नाकातली चमकी काढून ठेवल्यावर राहतं तसं एक, त्याच्या शेजारी दुसरं, पलीकडच्या बाजूला आणखी.

"भावजी, ह्ये काय?"

दस्तगीर भावजी खाली मान घालून पोतं भिजवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हरनं शपथ घातलेली. पर आता तुमीच बगितलंसा." आणि तिच्या अंगावर पाणी सोडत, "लय डाव धरलीया त्येनं हिला. पयल्यांदा धरली तवा लहान हुती, हाताएवढी. धरायची, ह्यो असा हात फिरवायचा, आन सोडायची. दर वर्षी म्हनायचा, औंदा घरी सांगतो. मग म्हनायचा, सांगितलं तर ती संपतला सांगंल, संपत हिला काडंल, मग आपुन सांजचं जायचं कुटं?"

मी पाण्यात उभी होते. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर हातातली काठी घातली असती. इतकी वर्षं तुम्ही हात हलवत घरी यायचात आणि मी तुम्हाला हिणवायची. "एक मासा गावंना तुमाला," असं चारचौघांत म्हणायची. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत, भाकरी कुस्करत. एक शब्दानं सांगितलं नाहीत. मी सांगितलं असतं का हो संपतला? हो, सांगितलं असतं. कौतुकानं सांगितलं असतं, गिरणीत येईल त्याला सांगितलं असतं. तुम्ही मला ओळखून होतात.

आणि मग मला त्या थंडीतलं तुमचं बोलणं आठवलं. ये की एक दिवस, तुला एक सांगायचंय. हेच होतं ना? ही माझ्या हातात द्यायची होती तुम्हाला. मी कंबरभर पाण्यात उभी राहून हमसून हमसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा एवढं रडायला मला सवड मिळाली नव्हती. भावजी तोंड फिरवून उभे राहिले. तेही डोळे पुसत होते.

"काय करायचं वहिनी?" मग त्यांनी विचारलं. "शबुद तर तुमचा झाला पुरा. पोत्यात घिऊ का?"

ती कल्ले हलवत पडली होती. मी दोन्ही हातांनी तिला धरलं आणि तोंड पाण्याकडं वळवलं. तिला शक्ती यायला वेळ लागला. मी थांबले, जशी बाळंतिणीपाशी बसतात तशी थांबले. मग तिनं शेपटी एकदाच हलवली, माझा तळहात खरवडला आणि ती गेली. पाण्यावर काही राहिलं नाही. भावजींनी पोतं पिळलं आणि सायकलला अडकवलं.

घरी आले तर संपत गिरणीच्या ओट्यावर बसलेला. हल्ली रोज बसतो, उत्तर ऐकायला. आकाशात ढग यायला लागलेत, त्यालाही घाई आहे. माझं लुगडं कमरेपर्यंत ओलं, तळहातातून रक्त येतंय, पदराला एक रुपेरी खवला चिकटलेला. तो माझ्याकडं बघत राहिला.

"गावली का वहिनी?"

माझ्या तोंडावर आलं होतं. अख्ख्या गावाला ओरडून सांगावं असं होतं ते. तुम्ही नाही का दर वेळी हेच गिळत घरी आलात?

"न्हाई वो," मी म्हणाले. "पाय घसरला. आनी थोडं दिस लागतील."

संपतनं माझ्या पदराकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. "बरं," म्हणाला. "मग उद्या बगा." आणि उठून गेला.

मी दिवा लावला आणि तुमच्या फोटोपुढं तशीच ओली उभी राहिले. अहो, उभा जन्म मी तुमच्याविरुद्ध खरं बोलत आले. तुमच्या बाजूनं खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. मला वाटलं होतं जमायचं नाही. जमलं.